वरच्या आळीचं पाणी

"ही विहीर नाय, एलोजी. कबर खणतोयस तू आमची," बनाजीकाका म्हणाले आणि काठावरून आत थुंकले.

विहीर तोवर इतकी खोल गेली होती की थुंकी कुठे पडली ते दिसलंही नाही. तळाशी माझे बाबा काळ्या कातळात पहारीने सुरुंगाची भोकं पाडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. पहारीचा ठोका चुकला नाही. मी भाकरी घेऊन काठाशी उभी होते आणि मला त्या न चुकणाऱ्या ठोक्याचीच भीती वाटली. बाबा ओरडले की आम्हांला बरं वाटायचं, कारण ओरडून झालं की ते विसरून जायचे. ते गप्प राहिले की मात्र घरातली मांजरसुद्धा अंगणात जाऊन बसायची.

इस्रायल देश नुकताच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, अलिबागेकडचे शनवार तेली. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतो, म्हणून लोकांनी दिलेलं हे नाव. आमची घरं कैक पिढ्या खाडीकाठी आंबेखारला होती. एका उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी शेतांत, विहिरींत, घाण्याच्या खोलीत शिरलं. आमच्या पोथीतला मोशे लोकांना मिसरच्या गुलामीतून घेऊन निघाला, तेव्हा त्याच्यासाठी समुद्र बाजूला झाला होता. आमच्यासाठी तो घरात आला. बाबा आमच्या आळीचे मुकादम, म्हणजे भांडणं तोडायची त्यांनी आणि प्रार्थनेच्या खोलीची किल्लीही त्यांच्याच कमरेला. तरुणपणी ते पलटणीत सुरुंगाच्या कामावर हवालदार होते. "वर माळावर चला," त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "जागा मिळतेय. पाणी मी काढून देतो." त्या एका शब्दावर आख्खी आळी गाडग्या-मडक्यांसकट त्यांच्या मागून माळ चढली.

पाणी मात्र लागेना. आधी मुरूम लागला, मग तांबडा दगड, मग हा काळा कातळ. तोवर बायकांनी पायवाट उतरून कातकरवाडीच्या झऱ्यावरून हंडे आणायचे, आणि पुरुषांनी विहिरीच्या काठावर बसून बाबांना नावं ठेवायची, अशी कामाची वाटणी झाली होती. "खाली खारं का होईना, पाणी होतं," असं कोणीतरी रोज म्हणायचंच. आमचे हज्जान, प्रार्थना चालवणारे सिलोमनकाका, हे ऐकून हसायचे. "मोशेच्या लोकांना रानात मिसरातले कांदे आठवायचे, तुम्हांला आंबेखारची बोय मासळी आठवते," ते म्हणत. "माणसं तीच हायत." पण त्या वैशाखात काकांचंही हसू आटलं होतं.

कारण आत्या गेली होती. रिबकाआत्या बाबांची मोठी बहीण. माझी आई मी पाळण्यात असताना वारली. आत्याने मला वाढवलं आणि खरं सांगायचं तर बाबांनाही तिनेच सांभाळलं. बाबांच्या कपाळाची शीर उठली की ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "एल्या, आधी घोटभर पाणी पी. मग काय करायचं ते कर." बाबा पाणी प्यायचे आणि मग काही करायचे नाहीत. माळावर आल्यावर तिला ताप भरला. झऱ्याच्या खेपा घालून घालून ती थकली होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि बाबांसमोर कोणी बोलत नव्हतं. सुतकाचे सात दिवस बाबा जमिनीवर बसून होते. आठव्या दिवशी उठले ते थेट विहिरीत उतरले.

तर त्या दिवशी ते दोराला धरून वर आले. अंगावर कातळाची काळी भुकटी, त्यात घामाचे ओघळ. भाकरीला त्यांनी हातही लावला नाही.

"बाय, पाण्याचा हंडा रिकामा हाय," मला म्हणाले.

"तुम्ही सुरुंग लावणार ना? मग मी नंतर जाते झऱ्यावर."

"भोकांत दारू ठासायला वेळ हाय अजून. आणि हाक मारल्याबिगर मी कधी वात लावतो काय?"

"नाय," मी म्हणाले.

ते खरंच होतं. पलटणीतून आणलेली दुसरी कुठली शिस्त त्यांनी आमच्यावर लादली नाही, पण ही एक लादली होती. वात पेटवण्याआधी बाबा काठावर उभे राहून पायवाटेकडे तोंड करून हाक मारत, "सुरुंग हाय, लपा." तीनदा मारत. वाटेवर निम्म्यात एक मोठा उभा कातळ होता. खाली कोणी असेल त्याने त्या कातळाआड बसायचं आणि "लपलो" म्हणून ओरडायचं. मगच बाबा खाली उतरत. बायका या प्रकाराला हसायच्या, पण कातळाआड बसायच्या.

मी हंडा घेऊन निघाले तेव्हा बनाजीकाका पुन्हा सुरू झाले होते. बनाजीकाका बाबांचे चुलतभाऊ. पुढे ते माझे सासरे झाले, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जपून बोलायची सवय लागली आहे. तरी एवढं सांगते की जिथे खपली धरलेली असेल तिथेच त्यांचं नख जायचं.

झऱ्याला त्या दिवसांत करंगळीएवढी धार होती. हंडा भरायला खूप वेळ लागला. वर पाहिलं तर माळावर ऊन नुसतं पांढरं पसरलं होतं. वारा नव्हता. पहारीचा आवाज केव्हाचा थांबला होता. म्हणजे भोकं ठासून होत आली, आता हाक येईल, असं मी धरून चालले. हंडा डोक्यावर घेऊन चढू लागले. कातळापाशी पोचले. तिथे उभी राहिले, मान अवघडली तरी उभी राहिले. वरून माणसांचे चढे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग ते आवाजही थांबले. मला ती शांतता आवडली नाही. हाक काही आली नाही. बाबांचं भांडण झालं असेल आणि आजचा सुरुंग राहिला असेल, असं मला वाटलं. म्हणून मी कातळ सोडला आणि पुढे निघाले.

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी जमिनीवर होते, हंडा उतारावरून खाली घरंगळत चालला होता आणि त्याचा आवाज येत नव्हता.

वर काय घडलं ते मला सिलोमनकाकांनी नंतर सांगितलं. मी गेल्यावर बनाजीकाका म्हणाले, "तुझ्या या माळानं रिबकाबायला खाल्ली, एलोजी. खाडीवर असती तर जगली असती. आता कुणाला खायला घालतोस?" आजूबाजूच्या चार जणांनी माना हलवल्या. बाबा काही बोलले नाहीत. भोकं ठासून झाली होती, वाती लोंबत होत्या. "पाणी पायजे ना तुम्हांला?" एवढंच ते म्हणाले. "घ्या पाणी." आणि दोर धरला. सिलोमनकाका छत्री टाकून उठले. "एलोजी, आधी हाक मार," ते म्हणाले. "मारतो," बाबा म्हणाले आणि खाली उतरले. ते परत वर आले तेव्हा वाती पेटलेल्या होत्या आणि सगळे पळत सुटले होते. काकांनी स्वतः हाक मारायचा प्रयत्न केला, पण त्यांचा घसा महिनाभर बसलेला होता. त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नाही.

आणि पाणी आलं. हे सांगायलाच हवं, कारण या गोष्टीतलं सगळ्यात वाईट तेच आहे. धुरळा बसायच्या आत कातळाच्या चिरेतून पाणी उसळलं. थंड, गोडं, मांडीएवढ्या जाडीचं. माणसं चिखलात नाचली. बायकांनी पदर भिजवून पोरांच्या तोंडावर पिळले. बनाजीकाकांनी बाबांना मिठी मारली आणि ते रडले. बाबांना खांद्यावर घ्यायचं चाललं होतं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दिबोरा कुठं हाय?"

माझ्या डाव्या कानामागे दगड लागला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं की पोरगी जगेल, पण त्या कानात आता काही राहिलेलं नाही. मला बाजेवर घरी आणलं. आत्याच्याच जागेवर निजवलं, कारण तिथे वारा यायचा.

लोक भेटायला येऊ लागले. येताना विहिरीचं पाणी तांब्यातून घेऊन यायचे, प्रसादासारखं. पहिल्या दिवशी कोणीतरी म्हणालं, हाक बारीक आली असेल. दुसऱ्या दिवशी हाक चांगली मोठी झाली. आठवडा सरेपर्यंत आळीतला जो तो शपथेवर सांगत होता की मुकादमांनी नेहमीसारखी तीनदा हाक मारली. बनाजीकाका माझ्या बाजेशी बसले, उजव्या बाजूला, कारण तेवढं त्यांना कळलं होतं.

"वारा उलटा होता, पोरी. म्हणून तुला ऐकू नाय आली," ते म्हणाले.

"वारा नव्हताच, काका."

"तू लहान हायस. मुकादमानं पाणी दिलं आपल्याला. अशा माणसाच्या नावाला बट्टा लागला तर आळी राहील काय? तुला कोण विचारलं तर म्हण, हाक आली होती, मीच पुढं गेले."

मला राग आला नाही, भीती वाटली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती हाक आता खरोखरच आठवत होती.

बाबा माझ्याजवळ दिवसच्या दिवस बसत. मला भरवत, जखम धूत, केस विंचरायचाही प्रयत्न करत. बोलत नसत. विहिरीवर गर्दी असायची, लोक त्यांना वाट सोडून उभे राहायचे, पण ते तिकडे जातच नव्हते. आमच्या घरचं पाणी ते झऱ्यावरूनच आणत होते. दारात गोडं पाणी असताना मुकादम खालून हंडा का आणतो, हे कोणी विचारलं नाही. विचारायला लोक घाबरत असावेत.

एका संध्याकाळी त्यांनी दिवा लावला आणि माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा पार उतरलेला होता.

"बाय, मला एक सांगशील?"

"काय, बाबा?"

"सगळे म्हणतात मी हाक मारली. बनाजी म्हणतो, ती समोरची साराबाय म्हणते, ती तर म्हणते तिच्या घरात ऐकू आली. सिलोमनकाका माझ्याशी बोलतच नायत. मी रोज आठवतो. कधी आठवतं मारली, कधी आठवतं नाय मारली. काल तर मला माझाच आवाज ऐकू आला. मला त्या वेळचं खरं काय ते आठवत नाय. तू वाटेवर होतीस. तुला हाक ऐकू आली काय?"

माझ्या एका शब्दाने त्यांची सुटका होणार होती. ते माझे वडील होते आणि माझा त्यांच्यावर फार जीव होता. पण मी तोवर कधी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, आणि त्यांना खोटं हवं असतं तर ते बनाजीकाकांकडेच गेले असते.

"नाय, बाबा," मी म्हणाले. "मी कातळाशी थांबले होते. हाक आली नाय, म्हणून पुढं आले."

त्यांनी मान डोलावली. माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी दारातून त्यांची पाठ पाहत होते. मला वाटलं, ते रडतील तर बरं होईल. ते रडले नाहीत.

पावसाळा लागल्यावरच्या एका शनिवारी प्रार्थनेच्या खोलीत आळी जमली होती. सेफेरातला, म्हणजे आमच्या पोथीतला, जो भाग त्या आठवड्याला वाचायचा असतो तोच वाचायचा, त्यात आमची निवड नसते. त्या शनिवारी जो भाग आला तो पाहून सिलोमनकाकांचा चेहरा बदलला, हे मी बायकांच्या बाजूने पाहिलं. काकांनी इब्रानी भाषेत वाचलं आणि मग नेहमीसारखं मराठीत सांगायला लागले. रानात पाणी नव्हतं. लोक मोशेवर उठले, आम्हांला इथे मरायला आणलंस म्हणाले. देवाने मोशेला एका खडकासमोर उभं केलं.

"काका," बाबा मधेच म्हणाले. ते उभे राहिले होते. प्रार्थनेत मधे बोलायची आमच्यात रीत नाही. "देवानं मोशेला काय करायला सांगितलं?"

काकांनी पुस्तकावर हात ठेवला. "खडकाला हाक मार म्हणून सांगितलं. हाक मारलीस की तो पाणी देईल."

"आणि मोशेनं काय केलं?"

"काठीनं मारलं. दोनदा."

"पाणी आलं?"

"आलं. भरपूर आलं. माणसं प्यायली, गुरं प्यायली."

"लोक खूश झाले असतील."

"झाले असतील."

"मग देवानं त्याला काय सांगितलं?"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. काका खूप हळू म्हणाले, "सांगितलं की या लोकांना मी देशात नेईन, पण तू त्यात पाऊल ठेवणार नायस."

"तुम्ही मला तेच सांगितलं होतं, काका. हाक मार, म्हणालात. मला त्यातलं शेवटचं 'मार' एवढंच ऐकू आलं."

खोलीत कुजबुज उठली. बनाजीकाका उभे राहिले. "मुकादम, असं काय बोलता? हाक मारलीत तुम्ही. आम्ही सगळ्यांनी ऐकली."

"तुम्ही पाणी ऐकलंत, बनाजी," बाबा म्हणाले. "हाक मी मारली नाय. माझी पोर वाटेवर होती, मीच तिला धाडली होती, आणि मी हाक मारली नाय. मला पाणी काढायचं नव्हतं तेव्हा. मला तुमचं तोंड बंद करायचं होतं."

"मग आम्ही माफ केलं," कोणीतरी मागून म्हणालं, आणि बाकीचेही म्हणाले, माफ केलं, माफ केलं.

"ज्याला पाणी मिळालं तो माफ करणारच."

सिलोमनकाका पुढे आले आणि त्यांनी बाबांचा हात धरला. "एलोजी, मोशेची बहीण नुकतीच गेली होती. मिर्याम. त्याच भागात हाय ते, खडकाच्या आधी. मोशे दुखात होता. पोथी तेही सांगते."

"सांगते," बाबा म्हणाले. "पण सोडत नाय."

त्यांनी कमरेची किल्ली काढून काकांच्या हातात दिली आणि जागेवर जाऊन बसले. उरलेली प्रार्थना त्यांनी सगळ्यांबरोबर म्हटली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि मला तेच फार लागलं.

त्यानंतर दोन वर्षांत आमच्या लोकांची नव्या देशाला जायची लाट आली. एक घर निघालं, मग दुसरं, मग आळीच निघाली. माझं बनाजीकाकांच्या दानियलशी लग्न झालं होतं, आम्हीही निघालो. बाबा आता मुकादम नव्हते, पण सगळं तेच बघत होते. कोणाची पेटी बांध, कोणाला लस टोचायला ने, कोणाच्या म्हाताऱ्या आईला समजाव. ते स्वतः येणार नाहीत हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही आणि ते सगळ्यांनाच माहीत होतं. बनाजीकाका त्यांच्या पाया पडले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. "तुझ्याबिगर आम्ही तिथं काय करणार, एलोजी?" ते म्हणाले. "कुरकुर," बाबा म्हणाले. "दुसरं काय येतं तुला?" बनाजीकाका हसता हसता रडले.

मी खूप भांडले. "मी तुम्हांला कधीच दोष दिला नाय," म्हणाले. "माझा कान, माझं मी बघीन. तुम्ही कोण स्वतःला शिक्षा देणारे?"

"शिक्षा कसली? मोशेनंही तो देश डोंगरावरूनच बघितला. माळ उंच हाय माझा. इथून दिसेल तेवढं बघीन."

"इथून नुसता समुद्र दिसतो, बाबा."

"मग समुद्र बघीन."

रेवसच्या धक्क्यापर्यंत ते आम्हांला पोचवायला आले. मुंबईची लाँच भरत होती. माणसं, पेट्या, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, सगळा कालवा चालला होता. सिलोमनकाकांना त्यांनी स्वतः उचलून फळीवरून पलीकडे नेलं. मग माझ्याकडे आले. दानियल पेट्या मोजत होता. बाबा माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले, माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला, वाकून त्या कानाशी तोंड नेलं आणि बोलू लागले.

बराच वेळ बोलले. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता, त्यांचे ओठ हलत होते, एवढंच मला कळत होतं. तो कान कुठला आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. दोन वर्षं ते माझ्याशी उजवीकडे येऊनच बोलत होते, एकदाही चुकले नव्हते. मी मान वळवली असती तर मला सगळं ऐकू आलं असतं. मी मान वळवली नाही. त्यांचं बोलून होईपर्यंत मी तशीच उभी राहिले, आणि मग लाँचवर चढले.